बदामीचा निळा स्वेटर

९ जानेवारी
नागपूरच्या शाळेत थंडीतल्या प्रार्थनेला मी स्वेटर विसरायची. इंदू आपल्या निळ्या स्वेटरची एक बाही मला द्यायची. डावी माझी, उजवी तिची. सिस्टर म्हणायच्या, "या दोघींना कुणीतरी कात्रीनं वेगळं करा."
तो स्वेटर माझ्याकडेच राहिला. यंदा माझ्या बकरीला, बदामीला घातला. इथे थंडीत गल्लीतल्या सगळ्या बकऱ्या स्वेटर घालून हिंडतात.
आज नागपूरहून इंदूचा फोन. "माझ्याकडची पूर्वेची खोली तुझ्यासाठी रिकामी केलीय. की अजून कुणाची परवानगी हवी?"
कुणाची नको. सासूबाई गेल्या, मागच्या वर्षी माझे यजमान नीलकंठ गेले. लग्न करून इकडे उत्तरेत, बालाजी घाटावर आले ती याच दोन खोल्यांत, कुणाच्या ना कुणाच्या औषधांत. आता उरलीय बदामी. नीलकंठांना बकरीचं दूध लागायचं म्हणून घेतलेली. तिला शेजारची लीला आपल्या कळपात नेणार. मग मी सुटले!

११ जानेवारी
बदामीच्या जबड्याखाली गाठ. लिंबाएवढी, टणक, वरचे केस झडलेले. बेसन-हळदीचं पोटीस बांधलं. लीला दारातूनच म्हणाली, "दीदी, ई हमरे बकरियन में ना जाई."

१६ जानेवारी
गाठ मऊ झाली. गुरांचे डॉक्टर आले. पोटीस पाहून म्हणाले, "माताजी, पकौड़ी तलनी है क्या?"
हातमोजे घालून त्यांनी चीर दिली. पू घट्ट, चक्क्यासारखा. खाली वर्तमानपत्र धरायला लावलं. एक थेंबही दारापुढच्या चौकात सांडू द्यायचा नाही, कागद जाळायचा. गाठ आपोआप फुटली असती तर तिथे चरणाऱ्या प्रत्येक बकरीला लागण. आता जखम रोज आयोडीनच्या पाण्यानं धुवायची, ती भरेपर्यंत बदामी वेगळी ठेवायची.
जाताना म्हणाले, "दूसरी जगह गाँठ निकली, तो समझिए बीमारी अंदर बैठ गई. फिर झुंड में कभी नहीं."

२० जानेवारी
धुतली. बाहेर धुकं. मी आणि बदामी, दार लावून.

२३ जानेवारी
इतक्या मनापासून मी नीलकंठांचं तरी केलं का? केलंच. पण तेव्हा संपल्यावर कुठे जायचं नव्हतं.

३० जानेवारी
खपली पडली. खाली गुलाबी कातडी. इंदूला कळवलं. "सामान कमी आण, गप्पा जास्त," म्हणाली आणि रडायला लागली. वेडी.
तिकीट काढलं.

२ फेब्रुवारी
उद्या लीला नेणार. स्वेटर धुऊन इंदूला न्यावा म्हणून बटणं सोडली. खांद्यापुढे हात थांबला. पुन्हा चाचपलं. गाठ. सुपारीएवढी.
स्वेटर परत चढवला. बटणं लावली.
लीला फक्त जबडा बघेल. ही वर येईपर्यंत मी नागपुरात असेन. कुणाला कळणार?

३ फेब्रुवारी
लीला आली. बदामीची हनुवटी वर करून म्हणाली, "चंगी हो गइली, महारानी." दोरी हातात घेतली. उंबऱ्यापर्यंत गेली आणि वळली. "दीदी, ई स्वेटर हमके दे दा. छोटकी के पहिराइब." छोटकी म्हणजे तिच्याकडचं नवं पिल्लू. थंडीनं कुडकुडतं.
मी उठले. बटणं सोडली. तिचा हात धरून बदामीच्या खांद्यापुढच्या गाठीवर ठेवला.
तिनं दोरी माझ्या हातात दिली. मग विचारलं, "कसाई से बात करीं?"
नको म्हटलं.

४ फेब्रुवारी
स्वेटर जाळायचा. बटणंसुद्धा.
ट्रंकेतली नवी शाल लीलाला, कापून छोटकीला घालायला.
तिकीट रद्द.
बदामी माझ्याकडे.
खुंटीवरची नीलकंठांची, या घराची किल्ली कुरिअरनं इंदूला. आता तिनंच इकडे यायचं. आजच.