म्हणे, झोपेत ऐकलं!

३ फेब्रुवारी, मंगळवार

सख्खा भाऊ! म्हणायला फक्त.

दुपारी जेवण झाल्यावर आमच्या सोफ्यांच्या कारखान्यात, मागच्या खोलीत, तीन जणांच्या सोफ्यावर आडवा झालो. नुसता फोम ठोकलेला, कव्हर चढायचं बाकी. डोळा लागला. माझा कधी लागत नाही? मग जाग आली, पण अंग हलेना. डोळे अर्धवट उघडे, छातीवर कुणी बसल्यासारखं. आणि दारात हे दोघं. दादा आणि टाचणी. माझी टाचणी.

टाचणी हे नावसुद्धा मीच दिलेलं. कव्हरं शिवताना ओठांत चार-चार टाचण्या धरते म्हणून. दुसऱ्या कुणाला तसं म्हणू दिलं नाही आजवर.

ती म्हणाली, "अरे, उठेल तो." दादा म्हणाला, "कुठला उठतोय! कानाशी स्टेपलर मारला तरी उठायचा नाही." ती हसली. हसली! मग म्हणाली, "त्याला लवकर सांग बाबा. माझ्या आईला भेटायला यायच्या गोष्टी करतोय तो." दादा — "सांगतो. आधी आईच्या कानावर घालू आपलं."

आपलं!

सगळ्यांसमोर ती त्याला "अहो दादा" म्हणते. आज "अरे".

मी ओरडत होतो. घशातून आवाजच निघाला नाही. सुटलो तेव्हा खोलीत कुणी नव्हतं.

४ फेब्रुवारी, बुधवार

दादा ताटात वाढायला आला, मी ताट सारलं. "पोट बिघडलंय का रे?" नालायक!

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज फुटलोच. तिनं दोन दिवस खपून शिवलेलं निळं कव्हर ब्लेडनं उभं फाडलं. सगळ्यांसमोर. दादाला म्हणालो, "तू आणि ही — मंगळवारी दुपारी — मी सगळं ऐकलंय!"

शिलाईच्या मशीन थांबल्या. टाचणी पांढरीफटक. आणि दादा काय म्हणाला? "मंगळवारी दुपारी मी फोम आणायला गेलो होतो. तू घोरत होतास. स्वप्न पडलं असेल."

स्वप्न म्हणे!

घरी आईनंही तेच लावलं. "तुझं काय खरं धरायचं बाळा? परवा म्हणालास मामा येऊन गेले. कुठे आले होते मामा?" आता मामांचं खरंय. मला अगदी चहाचा कप घेऊन बसलेले आठवतात. आलेच नव्हते.

पण ते वेगळं. हे वेगळं.

९ फेब्रुवारी, सोमवार

दादा झोपेच्या डॉक्टरांकडे नेणार म्हणतो. मला वेडा ठरवायचंय त्याला. जातो. बघूच.

१० फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरीणबाई उतारवयाच्या, चष्मा कपाळावर. मी पहिल्यांदाच कुणाला न ओरडता सगळं सांगितलं. वर्गात झोपायचो. परीक्षेत झोपलो, उत्तराच्या मध्येच अक्षर घसरत पानाच्या खाली गेलं. सर म्हणाले, "घरी गादी नाही का?" वर्ग हसला. मी बाक उलटा केला आणि निघून आलो. कॉलेज संपलं तिथेच.

बाईंनी विचारलं, "जोरात हसलास की गुडघे ढिले पडतात?" मी दचकलो. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं! हसलो, चिडलो की मान लुळी पडते, हातातलं सुटतं. मला वाटायचं अशक्तपणा. म्हणाल्या, "शुद्ध जात नाही ना? सगळं ऐकू येतं?" येतं.

पुढच्या आठवड्यात तपासणी. तोवर गाडी चालवायची नाही, कापायच्या मशीनला हात लावायचा नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

काल रात्री डोक्याला वायरी चिकटवून झोपवलं, आणि आज दिवसभर दर दोन तासांनी पुन्हा. पाच वेळा. वायरी लावणारा पोरगेलासा माणूस दरवेळी म्हणायचा, "झोप यायलाच हवी असं नाही हं." अरे, मला सांगतोस? त्याचं दार लागायच्या आत मी गेलेलो असायचो.

बाईंनी कागदावर पायऱ्या काढून दाखवल्या. माणूस झोपतो तो आधी हलक्या झोपेत, मग जरा खोल, मग अगदी तळाला. अंग दुरुस्त होतं ते तिथे. स्वप्नांची पाळी येते तास-दीड तासानं, आणि तेव्हा अंग मुद्दाम सैल पडतं, नाहीतर स्वप्नात पळणारा खरंच पळत सुटेल. मी पायऱ्या उतरतच नाही. पाचातल्या चार झोपांत दोन-तीन मिनिटांत थेट स्वप्नात! मेंदूला जागं ठेवणारं जे काही असतं ते माझ्यात तुटपुंजं आहे. म्हणून दिवसा झोप, रात्री तुकडे, डोकं सदा तापलेलं, काही लक्षात राहत नाही.

मी विचारलं, "म्हणजे मी आळशी नाही?"

"नाहीस. आजारी आहेस."

रडलो. सगळ्यांसमोर. तीन वर्षं! सर, आई, मित्र — सगळ्यांनी ऐदी, झोपाळू म्हणून घेतलं, आणि मीही मान डोलावली. माझ्याच डोक्यानं मला दगा दिला आणि शिव्या मी खाल्ल्या.

मग दादानंच त्या दुपारचं काढलं. "अंग हलत नव्हतं म्हणतो, पण लोक दिसले, बोलणं ऐकलं. असं होतं का?" बाई म्हणाल्या, "होऊ शकतं. स्वप्न जागेपणात मिसळतं. पुढे ते घडलेलंच वाटतं." मी दादाकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. डोळे भरले होते त्याचे. माझ्या काळजीनं!

आणि मी त्याला काय काय बोललो.

१८ फेब्रुवारी, बुधवार

घडलंच नव्हतं! टाचणी माझीच आहे!

सकाळी तिच्या मशीनपाशी उभा राहून माफी मागितली. ओठांत टाचण्या होत्या. नुसती मान हलवली. फाडलेल्या कव्हरची शिवण मीच बसून उसवून दिली.

२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी गोळी, दुपारी घड्याळ लावून वीस मिनिटं झोप. दुपारी चार वाजता जागा असतो मी! चार वाजता कारखान्यात एवढा उजेड असतो हे ठाऊकच नव्हतं.

कामावर सगळे सांभाळून घेतात. दादा तर फारच. मला बाहेर पाठवायचं असेल तर सोबत कुणाला तरी देतो. टाचणीला दुपारी पुन्हा "सॉरी" म्हणालो. ती म्हणाली, "झालं ना आता." मी म्हणालो, नाही झालं. तुझ्यावर असला घाणेरडा आळ घेतला. तिची शिवण वाकडी गेली.

एक खटकतं. त्या दुपारी दादाच्या शर्टाला फोम चिकटवायच्या सोल्यूशनचा वास होता. स्वप्नात वास येतो?

बाईंना विचारलं फोनवर. म्हणाल्या, येऊ शकतो.

२५ फेब्रुवारी, बुधवार

येतो. बस्स. विषय संपला. पुन्हा संशय घेतला तर माझ्यासारखा हलकट मीच.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

ठरलं. रविवारी तिच्या आईला भेटायला जायचं. दादाला म्हणालो, मोठा म्हणून तू चल बरोबर. "मी कशाला," म्हणाला. मी म्हणालो, तू नाही तर कोण? तू नसतास तर मी अजून सोफ्यांवर लोळतच असतो. पाया पडायला वाकलो तर हात धरून मागे सरला. "करू नकोस असलं काही." चिडला चक्क! लाजला असेल.

१ मार्च, रविवार

निघण्याआधी कारखान्यात तिला गाठलं. म्हणालो, तुझ्या आईसमोरही माफी मागणार आहे. ती म्हणाली, "नको. पुरे कर. दर माफीला मरते मी. स्वप्न नव्हतं ते. शब्दन्‌शब्द खरा होता."

गुडघे गेले. फरशीवर कोसळलो. दादा धावत आला, मान सावरून मला दोन्ही हातांवर उचललं. "काय झालं?" तिला विचारलं. "सांगितलं मी त्याला," ती म्हणाली.

दादा मला तसाच छातीशी धरून उभा राहिला. त्याचं काळीज धाडधाड वाजत होतं, माझ्या कानाशी. ढकलून द्यायचं होतं मला त्याला. बोटसुद्धा हललं नाही.