उतरणीवरची पाटी

६ ऑक्टोबर

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेला चष्मा पोचला. तुझ्या दुकानात आणखी कुणाला जमला नसता असा अचूक नंबर निघालाय. आता रस्त्यावर पट्टे आखणाऱ्या माझ्या टोळीतली माणसं कुठे दडून विड्या फुंकतात ते मला लांबूनच दिसतं, त्यामुळे मुकादम म्हणून माझा वचक वाढलाय.

छावणी म्हणजे महामार्गाच्या कडेला पत्र्याच्या चार खोल्या. सामान आणायला मात्र खालच्या रस्त्यावर उतरावं लागतं, आणि परत वर चढायचा रस्ता नऊ किलोमीटर पुढे. समोरच गाड्या खाली येण्याची उतरण आहे, पण तिच्या तोंडाशी ‘प्रवेश बंद’ची लाल पाटी. आम्ही आपले तिथूनच चढतो. एक जण लाल झेंडा घेऊन पुढे पळतो. मागे कुणीतरी पाटीसकट आमच्या ट्रकचा फोटो काढून तक्रार केली, तेव्हापासून मी पाटीचा एक बोल्ट ढिला ठेवलाय. चढताना पाटी वळवायची, म्हणजे समोरून नुसता खांब दिसतो. वर गेलो की कुणीतरी खाली येऊन ती सरळ करतं. वीस मिनिटं वाचतात. लहानपणी मी घरातला पंखा खोलला म्हणून तू मला खिळ्या म्हणायला लागलीस, बघ, ते शिक्षण फुकट गेलं नाही.

बाबांना म्हणावं, एकदा येऊन जा. एकतीस वर्षं बस चालवली, आता लेकाने आखलेल्या पट्ट्यांवरून गाडी चालवून बघा.

लोभ आहेच, त्यात चष्म्यामुळे भर पडली आहे.
तुझा,
खिळ्या

२८ ऑक्टोबर

चि. खिळ्यास,
अ. उ. आ.

फोनवर तू नुसतं हं हं करून ठेवून देतोस, म्हणून लिहायला बसले. तुला भेटायला निघालेल्या बाबांचा अपघात होऊन आज नऊ दिवस झाले. मांडीचं हाड जुळेल म्हणतात. बरगड्या दुखतात म्हणून ते हळू बोलतात, आणि बोलतात ते एकच, की पाटी नव्हती.

स्कूटरवरची ती नर्स जागच्या जागी गेली. रात्रपाळी संपवून घरी निघाली होती. तिच्या नवऱ्याला मी दवाखान्याच्या जिन्यात पाहिलं. त्याने मला ओळखलं आणि तोंड फिरवलं.

आता सगळे एकच रेकॉर्ड लावून बसलेत. म्हातारा माणूस, नजर अधू, उलट्या दिशेने घुसला. पोलिसांच्या कागदावरही तेच. बाबांचे डोळे ऑगस्टमध्ये मी स्वतः तपासले होते. शेवटची ओळ त्यांनी न अडखळता वाचली होती. आमचे मालक काल म्हणाले की माझी चूक होऊ शकते, माणूसच आहे. माझ्या अंगाची आग झाली. पण मग रात्रभर मीच माझे आकडे तपासत बसले.

बाबांनीही आता धीर सोडलाय. दोन डिसेंबरच्या सुनावणीत ते सांगणार आहेत की पाटी असणारच, मला दिसली नसेल. जन्मात ज्यांनी आरसा पुसल्याशिवाय बस हलवली नाही, ते असं म्हणतात. त्यांना एवढंच आठवतं की गाडी थांबली आणि हातात पाना घेऊन तू धावत येत होतास. दार उघडायला पाना घेऊन आला माझा पोरगा, असं ते प्रत्येक नर्सला सांगतात.

त्या उतरणीवर जा. पाटी कशी आहे, कुठे आहे, नीट बघून कळव.

लोभ आहे, पण उत्तराची वाट बघून बघून तो थकला आहे.
तुझी,
ताई

४ नोव्हेंबर

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

पाटी बघितली. जागेवर आहे, सरळ आहे, लांबून दिसते. बाबांचं वय झालंय हे आपण मान्य करायला हवं. कबूल करून मोकळं व्हावं, वय बघून त्यांना फार शिक्षा करणार नाहीत. तुझ्या नंबरात चूक नसेलच, पण उजेड कमी असला की होतं असं. तू इकडे येण्याची दगदग करू नकोस, धूळ फार आहे.

लोभ असावा.
खिळ्या

१२ नोव्हेंबर

खिळ्या,

आशीर्वाद लिहायला हात उठत नाही, म्हणून लिहीत नाही.

धुळीची भीती घातलीस तेव्हाच मी बसचं तिकीट काढलं. काल दुपारी मी त्या पाटीखाली उभी होते. सरळ आहे, खरंच. तिला दोन बोल्ट आहेत. एक गंजलेला, दुसरा कोरा करकरीत. आणि खांबाभोवती रंग खरवडून गोल चट्टा पडलाय, रोज रोज फिरवल्याशिवाय पडत नाही तसा. मी तिथे उभी असताना दोन मोटारसायकली माझ्यासमोरून त्या उतरणीने वर चढल्या, पाटीकडे न बघता. तुम्हीच ती वाट पाडून दिलीत.

परत आल्यावर तुझं सहा ऑक्टोबरचं पत्र काढून वाचलं. ते आलं तेव्हा मी हसले होते. दुकानात मोठ्याने वाचूनही दाखवलं होतं, माझा भाऊ किती हुशार म्हणून. त्याची शिक्षा मी भोगतेय, भोगीन. पण तुझं काय?

बाबांच्या गाडीचं दार अग्निशमन दलाने अर्ध्या तासाने कापून काढलं. मी त्यांच्या माणसाला विचारलं. पान्याने उघडण्यासारखं ते नव्हतंच, आणि तू हातही लावला नव्हतास. मग हातात पाना कशाला होता? याचं उत्तर मला माहीत आहे, पण ते तुझ्या हाताने लिहिलेलं हवंय.

जन्मदात्या बापाला आंधळा ठरवून तू गप्प बसलास. माझ्या कामावर शंका घेतली जात होती, तेव्हा उजेड कमी असेल म्हणून माझी समजूत घातलीस. लाज कशी वाटली नाही? आणि त्या बाईचं तुझ्या पत्रात एक अक्षर नाही. तुझी वीस मिनिटं वाचावीत म्हणून ती गेली.

लोभाचं नंतर बघू.
ताई

१७ नोव्हेंबर

ति. ताईस,

अपघाताच्या आदल्या संध्याकाळी शेवटची खेप होती. झेंडेवाला रजेवर होता. वर गेल्यावर खाली येऊन पाटी सरळ करायचा कंटाळा केला, म्हटलं सकाळी करू. सकाळी पावणेसातला आवाज आला. मी पाना उचलला आणि उतरणीवरून खाली पळालो. गाड्यांच्या बाजूने गेलो, पण थांबलो नाही. आधी पाटी सरळ केली, बोल्ट आवळला, आणि मग मागे वळून गाडीपाशी आलो. तेव्हा गाडी ओळखली. बाबा काचेतून माझ्याकडे बघत होते. त्यांना वाटलं मी त्यांच्यासाठी आलो.

नोकरीची भीती होती, तुरुंगाची होती. नंतर बाबांच्या नजरेचीच जास्त वाटायला लागली. मी जबानी द्यायला तयार आहे. फक्त ती पान्याची गोष्ट बाबांना सांगू नकोस, एवढी दया कर.

खिळ्या

२१ नोव्हेंबर

चि. खिळ्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र ताईने मला वाचून दाखवलं. तिने लपवायला हवं होतं असं तुला वाटत असेल, तर तू अजून काही शिकला नाहीस. महिनाभर मी स्वतःच्या डोळ्यांना शिव्या घालत पडून होतो. भिंतीवरच्या कॅलेंडरचे बारीक आकडे पुन्हा पुन्हा वाचून बघत होतो. ते तू मला करायला लावलंस. याचा राग माझ्या मनातून लवकर जायचा नाही, आणि तू तो घालवायला बघू नकोस.

आता माझं ऐक. पाटी नव्हती हे खरं. पण उतरण अर्धी चढल्यावर रस्त्यावरचे बाण माझ्याकडे तोंड करून दिसले. तूच आखलेले, स्वच्छ दिसले. तेव्हाच मला कळलं की आपण उलटे आलोय. तिथेच कडेला थांबून दिवे लावायचे, हे मी एकतीस वर्षं नव्या ड्रायव्हरांना शिकवलं. पण कुणी बघितलं तर काय म्हणेल म्हणून मी थांबलो नाही. वर पोचू, कडेकडेने पुढे जाऊ आणि फट दिसली की वळू, असं म्हणत गेलो. तेवढ्यात वळणावरून ती आली. हे मी ताईलाही आज सांगितलं. ती उठून बाहेर गेली, अजून आली नाही.

वकील म्हणतात, आता मुलाची जबानी आहे तर तुम्ही हे बोलू नका, सुटाल. मी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हटलंय. दोन तारखेला तू तुझं सांग, मी माझं सांगेन. त्या नर्सचा नवरा समोर बसलेला असेल. त्याला दोन्ही ऐकू दे.

आदल्या दिवशी ये. मला कुबड्यांवर जिना उतरायला तूच लागशील. आणि तो पाना घेऊन ये, सुनावणीत साहेबांसमोर टेबलावर ठेवायचा आहे.

तुझे,
बाबा