शिंगराच्या नाकातलं दूध

ती. कौसल्याताईस,

भायखळ्याहून दौलतचा साष्टांग नमस्कार (गुडघे वाकत नाहीत, तेव्हा आठातून दोन अंगं वजा कर). तुझी कंबर कशी आहे? तिकडे कुडाळात आंब्याला मोहोर आला का?

आपली लक्ष्मी, वरातीची घोडी, म्हणजे आख्ख्या चाळीची लेक हे तुला ठाऊकच आहे. तिच्या पाठीवर बसल्याशिवाय चाळीतला एकही नवरदेव मांडवात गेलेला नाही (गुणाजीकाकांचा निलेश पडला, पण आधी बसला होता). ती गाभण राहिली तेव्हा बायकांनी तिचं डोहाळजेवणही केलं. ओटीतल्या खणासकट तिने सगळं खाल्लं.

शिंगरू झालं आणि पहिल्याच घोटाला दूध दोन्ही नाकपुड्यांतून बाहेर. मी म्हटलं, हावरट आहे. तुझी भावजय सुचित्रा म्हणाली, सर्दी झालीय, आणि चाळीतल्या बाळांना देतात तशी तिने त्याला वेखंड-ओव्याची धुरी दिली. शिंगरू खोकलं, लक्ष्मी उधळली, मी शेणात बसलो. मग परळच्या दवाखान्यात आकांक्षा डॉक्टरीणबाईंनी नाकातून कॅमेरा घालून पाहिलं. आधी धुरीबद्दल आम्हाला मनसोक्त झाडलं, मग हळू आवाजात सांगितलं, की टाळूच्या मागच्या मऊ भागाला जन्मतःच चीर आहे, दूध फुप्फुसात उतरतंय. ऑपरेशनला खालचा जबडा मधोमध उघडावा लागतो आणि टाके पुष्कळदा उसवतात. चीर लहान आहे, तेव्हा नळीने दूध देऊन पाहता येईल. पण बरीच शिंगरं न्यूमोनियात जातात. हाल नको असतील तर कायमचं झोपवताही येतं, म्हणाल्या.

ताई, सुचित्राने पदराने त्याचं नाक पुसलं आणि म्हणाली, “नाय धावला तरी चलात. नळीतून दूध कसा सोडूचा ता दाखवा.”

मग काय, लक्ष्मीचं दूध काढायचं आणि नळीत सोडायचं. त्याला ताप चढला तेव्हा सुचित्राने जेवण टाकलं. चाळ पाळीपाळीने तबेल्यात बसली. गुणाजीकाका तर त्याला पेपरातले अग्रलेख वाचून दाखवत (तरी ते जगलं). काल पुन्हा तपासलं. फुप्फुसं साफ! नळी निघाली, चीर मात्र आहे तशीच. भिजवलेला कोंडा खातं, त्यातला थोडा नाकावाटे माझ्या सदऱ्यावर येतो. वरातीच्या कामाचं नाही, पण जगेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी दवाखान्यातच रडलो. सुचित्राने तिथेही पदर पुढे केला, पण तो शिंगराचा होता, म्हणून मी रुमाल काढला.

तुझा धाकटा,
दौलत

ता. क. : पेंढा मागायला पत्र लिहायला बसलो होतो, ते राहिलंच. जमल्यास पाठव.

पुन्हा ता. क. : पेंढा राहू दे, तूच ये. जगेल असं कळेपर्यंत सुचित्राने त्याचं नाव कुणालाही ठेवू दिलं नाही. आज मात्र शेजारच्या सीमाकडून कुंची शिवून आणलीय, कानांसाठी दोन भोकं ठेवून. रविवारी बारसं. नाव आत्याने कानात सांगायचं असतं, आणि आमच्या घरात पाळणा हललाच नाही, त्यामुळे तुझा हा मान इतकी वर्षं राहून गेला. तुझ्यासाठी साडी सुचित्राने परवाच आणून ठेवलीय. तू येशील की नाही, हे तिने मला विचारलंसुद्धा नाही.