हाक कोणाले मारायची

३ नोव्हेंबर
आज याडी अंगणात घसरली. मी, तिचा मोठा पोरगा, बाजूलेच उभा. अन् हाक कोणाले? "ओम!" लहाना भाऊ भिंतीपलीकडून पळत आला, याडीले उचललं, हिरो झाला. शेजारची नंदाबाई सगळ्या तांड्यासमोर म्हणे, शामले तं त्याची मायही मोजत नाही. ओम्या, याचा बदला घेतल्याबिगर राहणार नाही.

९ नोव्हेंबर, सकाळ
बी.एड.चं मानसशास्त्र कधी कामी येईन? पडणाऱ्या म्हाताऱ्यांसाठीचं यंत्र मागवलं होतं, ते आलं. गळ्यात घालायचं, ठरवलेला शब्द बोलला की माझा फोन बोंबलते. शब्द ठेवला "शाम". आता प्रबलन, म्हणजे बक्षीस देऊन सवय लावणं. याडीनं "शाम" म्हटलं की गूळ. ओम्या बसला मग माशा मारत.

१० नोव्हेंबर
प्रगती जबरदस्त. याडी दिवसभर माझंच नाव घेऊन राह्यली.
बायको बबिता भडकली. याडीले शुगर आहे म्हणे. गूळ बंद, फुटाणे सुरू. याडीले दात नाहीत. मग बिनसाखरेचा चहा. तिचा उत्साह थोडा कमी झाला.

१४ नोव्हेंबर
आर्णीत क्लास घेऊन राह्यलो होतो. फोन बोंबलला. पोरं तशीच सोडून गाडी पिटाळली. घरी याडी मजेत हिंदी सिरियल पाहून राह्यली होती. कोणती तरी हिरोइन म्हणे, "शाम हो गई." ओम हसला. लक्षात ठेवीन.

२२ नोव्हेंबर
याडी न्हाणीत पडली. मनगट मोडलं. मी आर्णीत, फोन गप. ओमनं दवाखान्यात नेलं. कोणता शब्द बोलली, ते बबितानं सांगितलं. मी विचारलं नव्हतं.
घाबरला की माणूस जुन्या सवयीवर जाते, असं पुस्तकात आहे. तो धडा मी ऑप्शनले टाकलता.
तरी प्लास्टर झाल्यावर याडीले विचारलंच, मले काहून नाही बोलावलं.
"तू लहानपणीच बाहेरगावी शिकाले गेलता बेटा. तवापासून हाकेले ओमच होता."
वाईट वाटलं. लय वाईट वाटलं.

२४ नोव्हेंबर, दुपार
रडणारा मी नाही. यंत्रातला शब्द बदलला. आता "ओम" ठेवला. हाक त्याले, फोन माझा. तो घरी पोचायच्या आत मी हजर. ओम्या, संपला तू.

२४ नोव्हेंबर, संध्याकाळ
फोन बोंबलला. ओमच्या आधी पोचलो. याडी खाटेवर बसून होती. म्हणे, तू कायले आला, ओमले पाठव.
पाठवला.