खिडकीतून टाकलेला रुमाल

६ जानेवारी २०२५, सोमवार

साडेसहाची गाडी आजपण रद्द! कुणी सांगत नाही, कळवत नाही. आपण थंडीत कुडकुडत फाट्यावर उभं राहायचं आणि उजाडलं की समजून घ्यायचं, नाही आली. मग मागची सातची येते, इंदापूरहूनच भरून. आमच्या फाट्यावर कारखान्याचे कामगार उतरतात, तेवढ्याच काय त्या जागा मोकळ्या होतात. आणि त्यावर बारामतीला निघालेलं सगळं गाव टपलेलं! कॉलेजची पोरंपोरी, दवाखान्याला निघालेले म्हातारे, आम्ही कपड्यांच्या कंपनीतल्या शिलाईवाल्या.

अय्युबभाई ड्रायव्हर गर्दीत गाडी पुरती उभी करत नाहीत. दारावर एकदम झुंबड पडते म्हणून हळूहळू पुढं नेतात आणि पिंपळाखाली थांबवतात. तेवढ्या वेळात बाहेरून पळत पळत खिडकीतून रुमाल टाकायचा. ज्याचा रुमाल त्याची जागा. आमच्याकडं बांधावरून डोकी फुटतील, पण सीटवरचा रुमाल कुणी उचलणार नाही!

ह्यांनी आजही माझी जागा धरली. धारा काढून, डेअरीला दूध घालून तसेच शेणाच्या चपलांनी येतात. वर तोरा काय — "रुमाल पडला की सातबारा नावावर झाला बघ! चल, बस." दिवसभर मशीनवर वाकून माझी कंबर गेली आहे. बारामतीपर्यंत उभी राहिले तर संध्याकाळी भाकरी थापता येत नाही. म्हणून हा माणूस रोज पळतो. कंपनीतल्या उरलेल्या लाल कापडाला मीच कडा शिवून दिल्यात, तो रुमाल. छकुली म्हणते, "पप्पा, तुमी ऑलिंपिकला जावा!"

९ जानेवारी, गुरुवार

आज साडेसहाची आली! सगळी मोकळी! हव्या त्या खिडकीत बसले. छकुली मागच्या सीटवर मैत्रिणींबरोबर. हे खाली उभे, हातात रुमाल, तोंड एवढंसं. "आता माझं काय काम?" म्हणाले. वेडे कुठले!

१४ जानेवारी, संक्रांत

तीळगूळ देताना म्हटलं, "अहो, उद्यापासून पळू नका. चाळिशी उलटली. मी राहीन उभी." म्हणाले, "गोड बोल म्हणत्यात आज, आन् तू मला म्हातारा म्हन!" सासूबाई चुलीपाशी हसायला लागल्या. त्यांचं बोळकं हसताना फार छान दिसतं.

वाण लुटायचं राहिलंय. रविवारी बायकांना बोलावीन.

२० जानेवारी, सोमवार

हे गेले. शुक्रवारी.

२ फेब्रुवारी, रविवार

आज लिहायचंच. डोक्यात तेच तेच फिरतंय, एकदा कागदावर उतरू दे.

संक्रांतीनंतर साडेसहाची एकदाही आली नव्हती. शुक्रवारी गर्दी नेहमीपेक्षा जास्त. त्यात फाट्यावर कडेलाच उसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी. सातचीही उशिरा आली. तोवर लोक शिव्या द्यायला लागलेले. अय्युबभाईंना वेळ भरून काढायची घाई असणारच. पण गाडी जोरात नव्हती. रोजच्यासारखीच सरकत होती. मी समोर उभी होते, मला दिसत होतं.

हे पळाले. ट्रॉली आणि गाडीच्या मधून. रुमाल खिडकीतून आत गेला, मी पाहिला. वळून माझ्याकडं बघून हसलेसुद्धा. सातबारा झाला! आणि ट्रॉलीतून गळालेलं उसाचं कांडं चपलेखाली आलं.

मागचं चाक.

पुढचं नाही लिहिणार.

संध्याकाळी कंडक्टरनं रुमाल घरी आणून दिला. सीटवरच होता म्हणाला. गाडी रिकामी केली, पोलीस आले, पंचनामा झाला, पण त्या रुमालाला कुणी हात लावला नाही. एक डाग नाही त्याच्यावर! छकुली तो उशाशी घेऊन झोपते. मी धुवायला मागितला, देत नाही.

४ फेब्रुवारी, रथसप्तमी

हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. शेजारची जाऊबाई ताट घेऊन आमच्या दारावरून पुढं गेली. माझी नजर पडली तशी तिनं मान खाली घातली. तिचा काय दोष? रीतच तशी. मी दार लोटून घेतलं आणि मग मात्र मोठ्यानं रडले. कंबर दुखते म्हणून गेला माझा माणूस. कंबर! उभी राहिले असते तर काय मेले असते का मी?

सासूबाई आत आल्या. पोटचा गेलाय त्यांचा, आणि समजूत माझी घालतात. म्हणाल्या, "तुझ्या कंबरंमुळं न्हाय गं. त्यो पळायचाच. तू यायच्या आधी माझ्यासाठी टाकायचा. मी बारामतीच्या बाजारला भाजी घिऊन निघाले की ह्यो चड्डीतला पोरगा गाडीमागं! मीच म्हनायची, पळ रं रणजित, जागा धर."

मग आम्ही दोघी एकमेकींना धरून बसून राहिलो.

९ फेब्रुवारी, रविवार

गाडी आता फाट्यावर थांबतच नाही. वरून हुकूम आला म्हणे — जागा धोक्याची. सातची रोज, आणि आली तर साडेसहाचीही, भरधाव निघून जाते. पोरी हात करून करून दमल्या. पुढच्या थांब्यापर्यंत चालायचं तर उसाच्या ट्रॅक्टरांच्या कडेनं, अंधारात. दोघी-तिघींना घरच्यांनी बसवूनच ठेवलं. छकुलीपण घरी. जूनमध्ये बारावीला जायची पोर गोठ्यात शेण भरते. मी तिला जा म्हणत नाही आणि जाऊ नको पण म्हणत नाही. आगीतून निघून फुफाट्यात!

दुपारी मानसिंग आबा चार माणसं घेऊन आले. गावात त्यांचा शब्द चालतो. छकुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "सुप्रिया, पोरी, तुजा जबाब घ्यायला एसटीचा सायब येनार हाय. ड्रायव्हरनं बेफाम गाडी आनली, आसं सांग. मंजी त्येच्यावर जाईल आन् फाटा सुटंल. न्हायतर म्हनतील, हितली मान्सं पळत्यात, हितली जागाच वाईट. थांबा कायमचा बंद!"

"पण आबा, बेफाम नव्हती."

"मला ठावं हाय. गावाला ठावं हाय. पर गेलेला मानूस येनार हाय का? ऱ्हायलेल्याचं बघ. छकुलीचं बघ."

आबा वाईट माणूस नाही. त्यांची नातपण त्याच गाडीनं जाते. जात होती.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

अस्मा आली होती. अय्युबभाईंची बायको. पहिल्यांदाच बघितलं तिला. ओट्याच्या खालच्या पायरीवर बसली, वर येईना. मला वाटलं, आता ही पण म्हणेल असं सांग, तसं सांग. पण तिनं काहीच मागितलं नाही. चहाही निवून गेला.

जाताना म्हणाली, "ताई, ह्यांना कामावरनं बसवलंय, त्येचं काय न्हाय. पर झोपंत पाय दाबत्यात. ब्रेक दाबत्यात. रातभर."

मला अय्युबभाईंचा राग करायचा होता! कुणावर तरी खापर फोडलं की थोडं तरी हलकं वाटेल, असं ठरवून ठेवलं होतं मी. तेही करू देईनात कुणी.

१६ फेब्रुवारी, रविवार

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. पण इथं चोर तरी कोण? रुमाल तर सगळ्या गावाच्या खिशात.

२० फेब्रुवारी, गुरुवार

साहेब आले. ग्रामपंचायतीत बसवलं मला. खिडकीत, दारात सगळा गाव. आबा समोरच. साहेब वयानं लहानच होते. माझ्याकडं बघायचं टाळत होते.

म्हणाले, "ताई, गाडीचा वेग किती असेल?"

छकुली डोळ्यांपुढं आली, गोठ्यात. मग झोपेत ब्रेक दाबणारा माणूस डोळ्यांपुढं आला, त्याला तर मी झोपलेला पाहिलेलापण नाही. आणि हे आले. हे असते तर काय म्हणाले असते? चेष्टा केली असती काहीतरी, पण खोटं नसते बोलले.

मी म्हटलं, "वेग नव्हता. गाडी सरकत होती. रोज तशीच सरकते. आणि आमी रोज तसेच पळतो. अय्युबभाई एक दिवस पुरती थांबवून उभे राहिले होते, तर आमीच ओरडलो — चला की, उशीर होतोय!"

मागून कुणीतरी 'च्च' केलं. साहेबांनी लिहून घेतलं. म्हणाले, "म्हणजे जागा धोक्याचीच आहे. आम्हाला गाडी वेळेत पण चालवायची आणि माणूस पण सांभाळायचा. दोन्ही कसं जमायचं, तुम्हीच सांगा. थांबा बंद केला तर निदान जीव तरी वाचतील."

तेव्हा मला काय झालं कळलं नाही. उभी राहिले. "साहेब, दोन्ही एकच हाय. साडेसहाची येते त्या दिवशी कुणीसुद्धा पळत न्हाय! बसून जातो आमी. माझे मालक रुमाल हातात घेऊन नुसते उभे राहायचे, काम न्हाय म्हणून. ती गाडी रोज आली असती तर सातच्या मागं कोण पळालं असतं? गाडी येईल का न्हाय, ह्या भीतीनं मानूस पळतंय. थांबा बंद करू नका. गाडी बंद पडू देऊ नका. आन् पुरती उभी करा, कितीपण ओरडू देत."

रडले नाही. घरी येऊन रडले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आबा रस्त्यात भेटले, बोलले नाहीत. डेअरीवर एकजण मला ऐकू जाईल असं म्हणाला, "नवरा गेला आन् डोस्कं पन गेलं." सासूबाईंनी तिथंच त्याच्या आईपासून सगळ्यांचा उद्धार केला. आज पहिल्यांदा त्यांना जुन्या आवाजात बोलताना ऐकलं.

छकुलीनं विचारलं, "आई, आता थांबा बंदच का गं?" काय सांगू? माझ्या खरेपणापायी पोरीचं कॉलेज गेलं तर ती मला माफ करेल का? मीच नाही करणार.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

काही कळत नाही. गाड्या जातात, धूळ येते.

कंपनीतून निरोप आला — येताय का नाही? ह्यांचा सदरा अजून खुंटीवर आहे. वास कमी व्हायला लागलाय. मी मुद्दाम जास्त वेळा हुंगत नाही, संपून जाईल म्हणून.

७ मार्च, शुक्रवार

झालं! सोमवारपासून साडेसहाची रोज. रद्द करायची नाही, बंद पडली तर दुसरी पाठवायची. दोन्ही गाड्या पिंपळाखाली पुरत्या उभ्या करायच्या, लोकांनी ओळीनं चढायचं. फाट्याजवळ उसाची ट्रॉली लावायची नाही. अय्युबभाई पुन्हा कामावर, साडेसहाच्याच गाडीवर!

आबा स्वतः दारात आले. पेढे ठेवले. म्हणाले, "पोरी, तू बोललीस त्येच खरं झालं. आमी भ्यालो." मी पाया पडले. पेढे तसेच देवापुढं ठेवले.

एवढंच तर हवं होतं. एक गाडी, रोज. एवढ्याशा गोष्टीला माझा माणूस लागला का? आधी नसती का आली? गाव खूश आहे. असू दे. त्यांच्या आनंदात विष कालवायचं नाही. पण मला आज त्या दिवसापेक्षा जास्त दुखतंय.

९ मार्च, रविवार

उद्यापासून कामावर. डब्याची पिशवी धुतली. छकुलीनं पुस्तकांना कव्हरं घातली, दप्तर भरलं. मला म्हणाली, "आई, तू कंबरंची काळजी करू नगंस." मी म्हटलं, आता कसली काळजी, आता कुणाला पळावं लागणार नाही. तिनं मान हलवली.

१० मार्च, सोमवार

साडेसहाची वेळेवर आली. लांबूनच दिसत होतं, आत जेमतेम पाच-सहा माणसं, सगळ्या खिडक्या मोकळ्या. आम्ही ओळीत उभे. गाडी पिंपळाकडं सरकत होती, अजून थांबली नव्हती — आणि छकुली माझा हात सोडून पळाली. चाकाच्या अंगानं. अय्युबभाईंनी ब्रेक दाबला तो आवाज अजून कानात आहे. तिनं लाल रुमाल खिडकीतून आत टाकला, वळून माझ्याकडं बघितलं आणि हसली, अगदी ह्यांच्यासारखी.

"आई, सातबारा झाला! चल, बस."