बेकरीवालीने पाव सोडला

प्रिय ठके,

परवा फोनवर तू विचारलंस, आत्या, तू इतकी बारीक कशी झालीस, मलाही सांग, बसून बसून माझं वजन वाढलंय. मी हसून वेळ मारून नेली. भट्टीत पाव होते. आज बेकरी बंद आहे, म्हणून निवांत लिहिते.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी पाव, भात, बटाटा, साखर सोडली. आहारतज्ज्ञ बाईंनी समजावलं की या सगळ्याची पोटात गेल्यावर साखरच होते, आणि ती हाताशी आहे तोवर शरीर साठवलेल्या चरबीला फारसा हात लावत नाही. ती आवक कमी केली की ते चरबीवर घर चालवायला लागतं. पहिल्या आठवड्यात वजन धाडकन उतरलं तेव्हा मी हरखले, तर बाई म्हणाल्या, हे नुसतं पाणी गेलं, खरं काम पुढेच आहे. डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची. मग अंडी, मासे, पालेभाज्या यांनी पोट भरलेलं राहायला लागलं आणि मधल्या वेळची खा-खा थांबली. जादू काही नाही गं, एकूण खाणंच कमी होतं. तू मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नकोस.

जन्मभर पीठ मळलेल्या बाईला हे किती जड गेलं असेल बघ. पहिली लादी बाहेर आली की मी मागच्या दाराशी जाऊन उभी राहायची, वास नको म्हणून. गल्ल्यावरून तुझे बाबा चिडवायचे, की बेकरीवालीच पाव खात नाही म्हटल्यावर गिऱ्हाइकांनी काय समजायचं? पण ते हसणं वरवरचं होतं. एकदा मी उकडलेला कोबी चिवडत बसले होते, तेव्हा समोर येऊन म्हणाले, "ताई, तुझं हे उपाशी राहणं माझ्या घशाखाली उतरत नाही."

तुला ते सांगायचे की औषधांवर बरं चाललंय. तसं नव्हतं. त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालायचं. माझी किडनी जुळत होती, फक्त अंगावर एवढी चरबी असताना डॉक्टर हात लावायला तयार नव्हते. तुला कळवू दिलं नाही ते त्यांनीच. म्हणाले, पोरीला कळलं तर ती पहिल्या गाडीने येऊन स्वतःची देईल, तिचं सगळं आयुष्य पुढे पडलंय. तुझी आई गेल्यापासून त्यांचा जीव फक्त तुझ्यात होता.

शेवटी डॉक्टर म्हणाले, आता चालेल. त्या दिवशी बाबांनी माझ्यासाठी बाजारातून ताजे मासे आणले आणि स्वतः तळले. ऑपरेशनची तारीख मिळाली. ती यायच्या आतच त्यांचं हृदय थांबलं, गल्ल्यावर बसल्या बसल्या. तू आलीस तेव्हा मला बघून वाटलं तुला, दुःखाने खंगले. मी तुला तसंच वाटू दिलं. पुढे किती दिवस समोर पाव असायचा, मनाई करणारं कुणी नव्हतं, तरी खाववला नाही.

डायलिसिसला बाबांच्या शेजारच्या खाटेवर एक शिवणकाम करणारी बाई असायची. दोघं मोजून मिळणाऱ्या पाण्याच्या घोटावरून एकमेकांची थट्टा करायचे. तिला किडनी देणारं कुणी नाही. मी स्वतः होऊन विचारलं, तपासण्या जुळल्या, परवानगीही आली. येत्या सोमवारी ऑपरेशन आहे. मला भीती वाटत नाही असं नाही. रागावलीस तर रागाव, बाबांवर नको, माझ्यावर रागाव. फक्त मला आत नेतील तेव्हा दाराबाहेर आपलं असं एक माणूस बसलेलं असावं, एवढंच वाटतं. येशील ना?

वाट बघते.

तुझीच,
आत्या