कूलरसमोरच्या चिठ्ठ्या

बाई, आमच्या विभागात कॉम्प्युटर आलाय. त्यात प्रबंधाचा आराखडा मांडायचा एक प्रोग्रॅम आहे. मथळा टाकायचा, त्याच्या पोटात उपमथळे टाकायचे. बटण दाबलं की सगळं आत मिटतं, पुन्हा दाबलं की उघडतं. पाचवं प्रकरण उचलून दुसऱ्याच्या जागी ठेवलं तर आकडेही आपोआप बदलतात. त्याला मराठी येत नाही, म्हणून मी इंग्रजीत मांडते. काय सांगू, नादच लागलाय. रोज दुपारी जाते, प्रकरणं वर-खाली करते आणि एक ओळ न लिहिता घरी येते. मार्चअखेर शेवटची मुदतवाढ संपते, मग नोंदणीच रद्द. आज मशीन बंद करून तुम्हाला कागदावर लिहायला बसले.

प्रबंधाला हात घातला तेव्हा मशीन नव्हतं, चिठ्ठ्या होत्या. कन्हानकडच्या कोळशाच्या खाणींवर काम केलेल्या बायकांकडून मी जे ऐकून येई, ते चिठ्ठ्यांवर उतरवून तुमच्या धंतोलीच्या घरी मधल्या खोलीत फरशीवर मांडत बसे. मे महिना, बाहेर लूच्या गरम झळा. मी घामाघूम झालेली, पण चिठ्ठ्या उडतील म्हणून कूलर बंद ठेवलेला. तुम्ही पिठाच्या हातांनी बाहेर येता, ‘भट्टीत काहून बसून राहिली वं?’ म्हणता आणि खटकन कूलर लावता. झालं! चिठ्ठ्या पलंगाखाली, कपाटावर, थेट तुमच्या ओट्यापर्यंत. मी रडकुंडीला आले. तुम्ही मात्र हसून राहिल्या होत्या. वर्गात शुद्ध बोलणाऱ्या तुम्ही घरात अशा अस्सल नागपुरी.

ओट्यावर पडलेली एक चिठ्ठी उचलून तुम्ही म्हणालात, ‘बाकीच्या राहू दे. हे काय आहे, मले सांग.’ आणि पोळ्या लाटायला लागलात.

मी सांगितलं. एक म्हातारी होती. तरुणपणी खाणीच्या तोंडाशी कोळशाच्या टोपल्या वाहायची. तान्ह्या पोराला पळसाखाली रिकाम्या टोपलीत निजवायची. त्याच्यापाशी थांबायची मुभा नव्हती, म्हणून दर खेपेला टोपली रिकामी केली की लांबूनच एक टाळी वाजवायची. पोराला कळायचं, माय आहे. पुढं यंत्र आलं, बायकांचं काम गेलं. पोरगा मोठा झाला, त्याला पोरं झाली. पण म्हातारी अजूनही नळावरून आली, डोक्यावरची घागर खाली ठेवली, की टाळी वाजवते. नातवंडं हसतात. ती म्हणते, ‘हासू द्या, बाप्पा. हाताले कोण समजावंल?’

तुमची पोळी तव्यावर करपली. तुम्ही ती उलटलीच नाही.

मग म्हणालात, ‘झाली की सुरुवात. बस इथंच आणि लिही.’ मी म्हणाले, चिठ्ठ्या नीट लावते, मग लिहिते. तुम्ही लाटणं आपटलंत. ‘कणिक मळूनच राहशील का वं जन्मभर? पोळी कधी लाटशील?’ मला इतका राग आला की जेवायला न थांबता निघाले. त्यानंतर दर भेटीत तुम्ही एवढंच विचारायच्या, ‘लाटली का?’ दवाखान्यातही विचारलंत. मी म्हटलं, आराखडा आणलाय. तुम्ही डोळे मिटून घेतलेत. त्या दिवशी मला तुमचा फार राग आला होता, बाई. अजूनही येतो.

आता याच पत्रात वर पाहते तर म्हातारी कागदावर उतरलेली. मथळा नाही, क्रमांक नाही. एवढी वर्षं जमलं नाही ते इथं कसं जमलं, हेही मला ठाऊक आहे. तुमच्या हाती कागद द्यायची धास्ती होती. वाचून तुम्ही गप्प राहिलात तर काय करायचं? आज तुम्हीच नाही, वाचणार कोण? म्हणून हात चालला.

हे पत्र कुठं पाठवणार? आणि आता ते अख्खंही राहणार नाही. कात्री घेतलीय. म्हातारीचा तेवढा भाग कापून काढते. उद्या प्रबंधाचं पहिलं पान तेच.